गिरजा आणि कलीसिया : सिकंदराबादची बॅप्टिस्ट मंडळी आणि तिच्या वास्तू

प्रस्तावना

हैदराबाद संस्थानाच्या इतिहासावर मराठी, उर्दू, तेलुगू आणि इंग्रजी या चारही भाषांत विपुल लेखन झालेले आहे. कुतुबशाही घुमट, आसफजाही देवड्या, मशिदी, आशूरखाने, दर्गे आणि देवळे यांची वर्णने आपल्या विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकांतून आणि सहलींतून परिचित असतात. त्या मानाने याच संस्थानातील ख्रिस्ती मंडळ्या आणि त्यांची प्रार्थनागृहे यांच्याकडे उर्दू व मराठीच्या अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. 'तो मिशनऱ्यांचा विषय, त्यांनीच लिहावा' असा आपला समज असतो. प्रस्तुत लेखात सिकंदराबादच्या बॅप्टिस्ट मंडळीचे उदाहरण घेऊन हा समज तपासून पाहावयाचा आहे. या मंडळीच्या भिंतींचा, जमिनीचा आणि परवानग्यांचा इतिहास केवळ मिशनच्या इंग्रजी अहवालांतून पुरा होत नाही. त्यासाठी उर्दू वाचणाऱ्या माणसाची गरज आहे, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

प्रथम शीर्षकातील दोन शब्दांचा खुलासा करणे आवश्यक आहे. उर्दूत ख्रिस्ती प्रार्थनागृहाला 'गिरजा' म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला. गोव्यातील 'इगर्ज' हा त्याचाच भाऊ. 'कलीसा' आणि 'कलीसिया' हे शब्द मात्र ग्रीक 'एक्लेसिया'पासून निघाले आणि त्याचा मूळ अर्थ 'बोलावून एकत्र केलेली सभा' असा आहे. उर्दू कवितेत 'कलीसा' इमारतीसाठीही येतो. परंतु उर्दू बोलणारे ख्रिस्ती लोक 'गिरजा' म्हणजे वास्तू आणि 'कलीसिया' म्हणजे माणसे असा भेद काटेकोरपणे पाळतात. मराठी ख्रिस्ती लेखनात माणसांसाठी 'मंडळी' हा शब्द रुळलेला आहे. मशीद वेगळी आणि जमात वेगळी, हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. बॅप्टिस्टांचा इतिहास वाचताना हा भेद सतत ध्यानात ठेवावा लागतो, कारण त्यांच्या मते चर्च म्हणजे मंडळीच. घर हे तिच्या सोयीसाठी असते.

बॅप्टिस्ट पंथाची ओळख

बॅप्टिस्ट पंथाचा उगम सतराव्या शतकाच्या आरंभीचा आहे. इंग्लंडमधून हॉलंडला गेलेल्या जॉन स्मिथ यांच्या गटाने इ.स. १६०९ मध्ये अॅम्स्टरडॅम येथे अशी पहिली मंडळी स्थापन केली, आणि त्यांचे सहकारी थॉमस हेल्विस यांनी १६१२ च्या सुमारास लंडनजवळ दुसरी. तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देऊ नये, समजत्या वयात स्वतः श्रद्धा कबूल करणाऱ्यालाच तो द्यावा. प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतंत्र असावी, तिच्यावर बिशपची सत्ता नसावी. आणि राजाने कोणाच्याही धर्मात हात घालू नये, ही त्यांची प्रमुख तत्त्वे होत. यांतील तिसरे तत्त्व आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. हेल्विस यांनी १६१२ च्या आपल्या पुस्तकात राजाला बजावले की, माणूस आणि ईश्वर यांच्यातील संबंधाचा निवाडा राजाकडे नाही. मग तो माणूस पाखंडी असो, यहुदी असो वा तुर्क असो. त्या काळच्या इंग्रजीत 'तुर्क' म्हणजे मुसलमान. चारशे वर्षांपूर्वी एका छळ सोसणाऱ्या ख्रिस्ती गटाने आपल्याबरोबर मुसलमानांच्याही धर्मस्वातंत्र्याची मागणी करावी, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे. हेल्विस यांना या पुस्तकाबद्दल तुरुंगवास घडला आणि ते तेथेच मरण पावले.

भारताशी या पंथाचा संबंध विल्यम कॅरी यांच्यामुळे आला. ते १७९३ मध्ये बंगालमध्ये आले आणि १८०० पासून हुगळीकाठच्या श्रीरामपूर या डॅनिश वसाहतीत त्यांचा छापखाना सुरू झाला. (हे श्रीरामपूर बंगालमधले, अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर नव्हे.) मराठीच्या अध्यापकांना कॅरी अपरिचित नाहीत. फोर्ट विल्यम कॉलेजात ते बंगाली व संस्कृतबरोबर मराठीही शिकवीत. वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने त्यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मोडी लिपीतील शब्दांचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. हेन्री मार्टिन आणि मिर्झा फितरत यांनी सिद्ध केलेला उर्दू नवा करार १८१४ मध्ये याच श्रीरामपूरच्या छापखान्यात छापला गेला. तेव्हा उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांच्या मुद्रणाच्या इतिहासात बॅप्टिस्टांचे ऋण आहे. मात्र ते कॅरी इंग्रज बॅप्टिस्ट. सिकंदराबादेत आलेले बॅप्टिस्ट अमेरिकन होते आणि ते तेलुगू प्रदेशातून आले.

नेल्लोर ते सिकंदराबाद

अमेरिकन बॅप्टिस्टांच्या तेलुगू मिशनचा आरंभ सॅम्युएल डे यांच्यापासून होतो. ते १८३६ मध्ये विशाखापट्टणम येथे उतरले, काही काळ मद्रासेत राहिले आणि १८४० मध्ये नेल्लोर येथे स्थिरावले. १८४९ मध्ये लायमन ज्युएट त्यांना येऊन मिळाले. पुढची अनेक वर्षे या कामाला इतके अल्प यश आले की, ते बंद करावे काय असा विचार अमेरिकेतील संस्थेने एकाहून अधिक वेळा केला. मिशनच्या नकाशावर तेलुगू प्रदेशात एकच तारा दिसे, म्हणून हे मिशन 'एकाकी तारा' या अर्थाच्या 'लोन स्टार' नावाने प्रसिद्ध झाले.

चित्र बदलले ते जॉन क्लाऊ यांच्या काळात. ते १८६५ मध्ये आले आणि १८६६ मध्ये ओंगोलला राहू लागले. कातड्याचा व्यापार करणारे मादिगा समाजाचे येर्रागुंटला पेरैया हे त्यांचे पहिल्या काळातील महत्त्वाचे सहकारी. पेरैयांच्या नातेसंबंधांतून आणि फिरतीतून हा पंथ मादिगा वस्त्यांत पसरला. म्हणजे प्रसाराचे श्रेय केवळ अमेरिकन पाद्र्याला देणे इतिहासाला धरून होणार नाही. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळात क्लाऊ यांनी बकिंगहॅम कालव्याच्या काही मैलांच्या खोदाईचे कंत्राट घेऊन हजारो लोकांना मजुरी मिळवून दिली. मदतीच्या लोभाने लोक येऊ नयेत म्हणून या काळात त्यांनी बाप्तिस्मे थांबवून ठेवले होते. ते पुन्हा सुरू झाल्यावर ३ जुलै १८७८ या एकाच दिवशी गुंडलकम्मा नदीत २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. दुष्काळ आणि धर्मांतर यांच्या संबंधाबद्दल तेव्हापासून आजतागायत वाद चालू आहे. तो वाद येथे सोडवावयाचा नाही. परंतु भुकेबरोबर मान हादेखील या लोकांच्या दृष्टीने मोठा प्रश्न होता, हे विसरून चालणार नाही. गावच्या शाळेत आणि देवळात ज्यांना पाऊल टाकता येत नव्हते, त्यांना बसायला स्वतःची जागा मिळत होती.

या मोठ्या घटनेच्या तीन वर्षे आधी, १८७५ मध्ये, डब्ल्यू. डब्ल्यू. कॅम्पबेल यांनी सिकंदराबाद येथे मिशनचे ठाणे उघडले. निजामाच्या मुलखातील अमेरिकन बॅप्टिस्टांचे हे पहिले ठाणे. आज 'सेंटिनरी बॅप्टिस्ट चर्च' या नावाने ओळखली जाणारी सिकंदराबादची मंडळी आपला आरंभ याच सालापासून मोजते.

सिकंदराबादच का?

ओंगोल-नेल्लोरचा पट्टा मद्रास इलाख्यात, म्हणजे प्रत्यक्ष इंग्रजी अमलाखाली होता. तेथून निजामाच्या राज्यात पाऊल टाकताना सिकंदराबादची निवड होण्याची कारणे या गावाच्या घडणीत सापडतात. १७९८ च्या तैनाती फौजेच्या तहानंतर हुसेनसागरच्या उत्तरेस इंग्रजी पलटणींचा तळ पडला आणि १८०६ मध्ये तिसरे निजाम सिकंदर जाह यांच्या नावावरून त्याला सिकंदराबाद हे नाव मिळाले. भूमी निजामाची, कारभार छावणीचा, अशी दुहेरी व्यवस्था येथे निर्माण झाली. सैन्यासाठी सेंट जॉन्स हे अँग्लिकन चर्च १८१३ सालीच उभे राहिले होते. म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनागृह ही या गावाला नवी गोष्ट नव्हती.

दुसरे कारण रेल्वेचे. ऑक्टोबर १८७४ मध्ये वाडी ते सिकंदराबाद हा निजामाचा लोहमार्ग सुरू झाला आणि सिकंदराबाद मुंबई-मद्रास रेल्वेशी जोडले गेले. त्यानंतर वर्षभरातच मिशन आले, हे कालक्रम पाहिल्यास लक्षात येते. तिसरे कारण लोकवस्तीचे. छावणी आणि बाजार यांच्या आश्रयाने तेलुगू, तमिळ, मराठी आणि दखनी बोलणारे कामगार, कारागीर, खानसामे, मोतद्दार येथे वसले होते. आपल्या गावापासून तुटलेल्या अशा माणसांना नव्या मंडळीत नवी नाती मिळत. इंग्लंडच्या वेस्लियन मिशनने सिकंदराबादेत काम सुरू केले ते १८७९-८० च्या सुमारास. बॅप्टिस्ट त्यांच्या आधी आले होते.

प्रार्थनागृहाची रचना

बॅप्टिस्ट प्रार्थनागृह आणि अँग्लिकन वा रोमन कॅथलिक चर्च यांतील फरक आत शिरताच कळतो, आणि तो फरक शोभेचा नसून श्रद्धेचा आहे. येथे वेदी नसते. तिच्या जागी प्रभुभोजनाचे साधे मेज असते. मध्यभागी उपदेशाचे व्यासपीठ असते, कारण ग्रंथाचे वाचन आणि विवेचन हा उपासनेचा गाभा मानला जातो. मूर्ती सहसा नसतात. आणि सर्वांत मोठा फरक म्हणजे पाण्याचा. इतर चर्चमध्ये बाप्तिस्म्यासाठी दगडी पात्र पुरते, कारण डोक्यावर पाणी शिंपडले जाते. बॅप्टिस्ट संपूर्ण शरीर पाण्यात बुडवितात. त्यामुळे त्यांना पायऱ्या असलेला हौद लागतो. हा हौद पुष्कळ ठिकाणी व्यासपीठापाशी, फळ्यांखाली झाकलेला असतो. हौद बांधण्यापूर्वी, आणि खेड्यांत त्यानंतरही, नदी किंवा तलाव हेच बाप्तिस्म्याचे ठिकाण असे. तलावांच्या तेलंगणात त्याची अडचण पडण्याचे कारण नव्हते.

साधे सभागृह, चित्र-मूर्तींचा अभाव, ग्रंथाला मध्यवर्ती स्थान आणि आवारात पाणी, हे वाचून आपल्या वाचकांना मशिदीची आठवण झाल्यास नवल नाही. अर्थात साम्य एवढ्यापुरतेच. मशिदीतील हौद रोजच्या वुजूसाठी असतो. बॅप्टिस्ट हौदात माणूस आयुष्यात एकदाच उतरतो. दोन्ही धर्मांची श्रद्धा वेगळी आहे आणि ती वेगळीच समजून घेतली पाहिजे. परंतु साधेपणालाही वास्तुशास्त्रात अर्थ असतो, हे विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी ही तुलना उपयोगी पडते.

निजामाच्या राज्यातील इतर दोन चर्चशी तुलना केली म्हणजे हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. मेदक येथे वेस्लियन मिशनचे चार्ल्स वॉकर पॉस्नेट यांनी बांधविलेले भव्य कॅथीड्रल २५ डिसेंबर १९२४ रोजी खुले झाले. त्याची शैली युरोपीय गॉथिक आहे. वरंगळ भागातील दोर्नकल येथे बिशप वेदनायकम अझरैया यांच्या कारकिर्दीत पूर्ण झालेले कॅथीड्रल १९३९ मध्ये समर्पित झाले. अझरैया हे अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप. त्यांच्या कॅथीड्रलमध्ये देवळाचे खांब आणि मुसलमानी वास्तूंचे घुमट यांचा हेतुपुरस्सर मेळ घातलेला आहे. एकाने युरोप आणला, दुसऱ्याने दख्खनच्या दोन्ही परंपरा सामावून घेतल्या. बॅप्टिस्टांकडे बिशपच नसल्याने कॅथीड्रल बांधण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. त्यांच्या मंडळ्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे सभागृहे बांधली, ती वाढविली, आणि माणसे मावेनाशी झाली की पाडून नवी बांधली. त्यामुळे बॅप्टिस्ट मंडळीचा इतिहास एका जुन्या इमारतीच्या वयावरून मोजता येत नाही.

हाता : शाळा, बंगला आणि प्रार्थनागृह

मिशनच्या ठाण्याला लोकभाषेत 'हाता' किंवा 'कंपाउंड' म्हणत. अशा हात्यात सामान्यतः पाद्र्याचा व्हरांडेवाला बंगला, प्रार्थनागृह, शाळा, मुलामुलींची वसतिगृहे, भारतीय शिक्षक-उपदेशकांची लहान घरे आणि विहीर एवढ्या गोष्टी असत. काही ठिकाणी दवाखानाही असे. बंगला उंच जोत्यावर आणि उपदेशकांची घरे एका ओळीत खाली, ही मांडणीच त्या काळच्या मालक-चाकर संबंधांची साक्ष देते. एकीकडे समतेचा उपदेश आणि दुसरीकडे बंगल्याचा दरारा, हा विरोध भारतीय ख्रिस्ती लेखकांनीही नोंदविलेला आहे.

खेड्यातील चित्र निराळे होते. तेथे गवताने शाकारलेली एकच खोली असे. दिवसा ती शाळा, रात्री आणि रविवारी प्रार्थनागृह. शिकविणारा आणि प्रार्थना चालविणारा माणूसही बहुधा एकच. आपल्याकडे मशिदीच्या ओसरीत मकतब भरत असे आणि इमामसाहेबच मौलवीसाहेब असत, त्याचीच ही दुसरी आवृत्ती. शिक्षणसंस्थांचा इतिहास लिहिताना आपण सनद, नोंदणी आणि इमारतीचे उद्घाटन यांपासून सुरुवात करतो. परंतु वंचित समाजांच्या शिक्षणाचा आरंभ अशा नावनिशी नसलेल्या खोल्यांत झालेला आहे. अक्षरओळख झालेल्या पहिल्या पिढीला ग्रंथ वाचता यावा हा तेथील हेतू; पण एकदा वाचता येऊ लागलेला माणूस फक्त ग्रंथच वाचत नाही, सावकाराचा कागदही वाचतो. या लहान खोल्यांचे सामाजिक महत्त्व येथे आहे.

जमीन आणि परवानगी

आता लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे वळू. सिकंदराबादनंतर अमेरिकन बॅप्टिस्टांनी निजामाच्या राज्यात हनमकोंडा (१८७९), पालमूर म्हणजे आजचे महबूबनगर (१८८५), नलगोंडा (१८९०) आणि सूर्यापेठ (१९००) येथे ठाणी उघडली. नलगोंड्याचे ठाणे रशियन साम्राज्यातून आलेल्या अब्राहम फ्रीझेन यांनी सुरू केले. ते मेनोनाइट ब्रदरन पंथाचे. परंतु बाप्तिस्म्याबाबतचे मत जुळत असल्याने त्यांनी अमेरिकन बॅप्टिस्टांच्या संस्थेतर्फे काम केले. याच पंथाच्या अमेरिकेतील शाखेचे लोक १८९९ मध्ये हैदराबादेत आले आणि पुढे त्यांनी मलकपेठेत आपले केंद्र उभारले. महबूबनगरचे क्षेत्र बॅप्टिस्टांनी १९३७ मध्ये त्यांच्याकडे सोपविले.

ही सर्व ठाणी छावणीच्या बाहेरची. तेथे इंग्रजी कायदा चालत नव्हता. जमीन दिवानीची आहे, सर्फ-ए-खासची आहे, पायगाहची आहे की एखाद्या जागीरदाराची, यावर परवानगी कोणाकडे मागावयाची हे ठरत असे. परदेशी संस्थेला जमीन मिळण्यासाठी हैदराबाद सरकारची संमती लागे. पुढे धार्मिक बाबींचे 'उमूर-ए-मजहबी' हे खाते नव्या प्रार्थनास्थळांच्या परवानग्या पाहू लागले. हा नियम अनेकांना जाचक वाटला. १९३८-३९ च्या आर्य समाजाच्या सत्याग्रहात प्रार्थनास्थळांवरील निर्बंध ही एक प्रमुख तक्रार होती. तेव्हा निजामी राजवटीचे सरसकट गुणगान करणे किंवा तिला सरसकट असहिष्णू ठरविणे, दोन्ही एकांगी होईल. त्याच राजवटीत संस्थानभर चर्च उभी राहिली, आणि त्याच राजवटीत प्रार्थनेच्या छपरासाठी अर्ज करून वाट पाहावी लागे.

मराठवाड्यातील एक उदाहरण येथे देणे उचित होईल. मुंबईत १८४३ मध्ये ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण शेषाद्री हे स्कॉटिश फ्री चर्चचे पाळक. त्यांनी जालन्याजवळ 'बेथेल' नावाची ख्रिस्ती वसाहत वसविली. बहुतांश मांग-महार समाजातून आलेल्या नवख्रिस्ती कुटुंबांसाठी वसविलेल्या या वसाहतीला जमीन मिळाली ती दिवाण सालारजंग पहिले यांच्याकडून. शेषाद्रींचा पंथ बॅप्टिस्ट नव्हता. पण राज्य तेच आणि काळही जवळपास तोच. जन्माने ब्राह्मण, धर्माने ख्रिस्ती असा एक मराठी माणूस मुसलमान दिवाणाकडे अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी जमीन मागतो आणि ती मिळते, या घटनेचा अर्थ लावताना आजच्या तयार चौकटी अपुऱ्या पडतात.

कोणत्या कागदांत काय आहे?

मिशनच्या वार्षिक अहवालांत बाप्तिस्म्यांची संख्या, शाळेचा पट आणि बांधकामासाठी आलेल्या देणग्या सापडतात. हे अहवाल इंग्रजीत असून देणगीदारांसाठी लिहिलेले आहेत. म्हणून त्यांचा सूर यशाचा असतो. मंडळीच्या सभासदांच्या याद्या, विवाहाच्या नोंदी आणि सभांचे इतिवृत्त तेलुगूत असते. परंतु जमिनीचा कागद तिसऱ्याच भाषेत असतो. हैदराबाद सरकारची भाषा १८८४ च्या सुमारास फारसीऐवजी उर्दू झाली आणि १९४८ पर्यंत महसूल, न्याय व धर्मखात्याचा व्यवहार उर्दूत चालला. सेतवार, पहाणी, मुंतखब, नकाशा, अर्ज आणि त्यावरील शेरा, हे सारे उर्दूत. तेही पुष्कळदा घाईच्या शिकस्ता वळणात. हैदराबादच्या तारनाका भागातील राज्य पुराभिलेखागारात निजामकालीन फारसी-उर्दू कागदांचा प्रचंड संग्रह आहे. १९०८ च्या मुसीच्या पुरानंतर लिओनार्ड मन यांच्या देखरेखीखाली हैदराबाद शहराचे जे तपशीलवार नकाशे तयार झाले, त्यांत घराघराची आखणी आहे.

म्हणजे एकाच चर्चचा इतिहास तीन भाषांत वाटला गेला आहे आणि या तिन्ही भाषा वाचणारी माणसे आता विरळ झाली आहेत. ख्रिस्ती अभ्यासकाला बहुधा तेलुगू व इंग्रजी येते, उर्दू येत नाही. आपल्याला उर्दू येते, पण आपण चर्चचा इतिहास आपला मानत नाही. मधल्या मधे कागद बोलत नाही. हीच अडचण मराठवाड्यातील जमिनींची, देवस्थानांची आणि वक्फ मिळकतींचीही आहे. महाराष्ट्रात मोडी वाचणारे कमी झाले तशी स्थिती दख्खनमध्ये शिकस्ता वाचणाऱ्यांची झाली आहे. तेलंगणाने २०१७ मध्ये उर्दूला संपूर्ण राज्यात दुसऱ्या अधिकृत भाषेचा दर्जा दिला, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु दर्जा मिळाल्याने जुने हस्ताक्षर वाचता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर

सिकंदराबादचा छावणीबाहेरील नागरी भाग १९४५ मध्ये निजाम सरकारकडे परत आला, सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये त्याचे तीन तुकडे तीन राज्यांत गेले आणि १९६० मध्ये सिकंदराबादची महानगरपालिका हैदराबादेत विलीन झाली. पंधरा वर्षांत एकाच हात्याचे नियंत्रक इतक्या वेळा बदलले. प्रत्येक बदलाबरोबर दप्तर एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत गेले.

ख्रिस्ती जगातही याच काळात मोठे बदल झाले. २७ सप्टेंबर १९४७ रोजी अँग्लिकन, मेथडिस्ट आणि इतर काही पंथ एकत्र येऊन 'चर्च ऑफ साउथ इंडिया' स्थापन झाले. मेदक व दोर्नकल त्यात सामील झाले. बॅप्टिस्ट बाहेर राहिले. बिशपची व्यवस्था आणि तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा त्यांना मान्य होणे शक्य नव्हते. पुढे अमेरिकन मिशनरी निघून गेले आणि काम 'समावेशम ऑफ तेलुगू बॅप्टिस्ट चर्चेस' या भारतीय संघटनेकडे आले. पाळकांच्या शिक्षणाच्या बाबतीत मात्र एकत्र येणे त्यांना मान्य झाले. १९६४ मध्ये राजमहेंद्री येथे स्थापन झालेल्या आणि पुढच्या दशकात हैदराबादेत आलेल्या आंध्र ख्रिश्चन थिऑलॉजिकल कॉलेजात बॅप्टिस्टांसह अनेक पंथ सहभागी आहेत.

मिशनरी गेल्यावर इमारती मागे राहिल्या आणि त्यांच्याबरोबर मालकीचे प्रश्नही. गावकुसाबाहेर म्हणून एके काळी मिळालेली जमीन शहर वाढल्यावर भर वस्तीत आली. छपराच्या किमतीपेक्षा खालच्या जमिनीची किंमत कितीतरी पट झाली. मूळ दस्तऐवज परदेशी संस्थेच्या नावे, वापर स्थानिक मंडळीचा, अशा मिळकतींवर वाद उभे राहणे अपरिहार्य होते. वक्फ मिळकतींची कहाणी जाणणाऱ्यांना यात काहीच नवल वाटणार नाही. ज्या समाजाला आपला कागद वाचता येत नाही, त्याचा कागद दुसरा कोणी वाचून दाखवितो आणि तो आपल्या सोयीने वाचतो.

समारोप

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, सिकंदराबादची बॅप्टिस्ट मंडळी ही एखाद्या परक्या धर्माची बेटासारखी अलग शाखा नव्हती. छावणी, रेल्वे, दुष्काळ आणि निजामाचे महसूल खाते या चारही गोष्टी तिच्या घडणीत आहेत. दुसरी अशी की, तिच्या वास्तूंचे साधेपण हे दारिद्र्याचे लक्षण मानणे चूक आहे. ते एका विचाराचे रूप आहे. तिसरी आणि आपल्याशी थेट निगडित गोष्ट म्हणजे, हा इतिहास पुरा करण्याचे साधन उर्दूच्या अध्यापकाच्या हाती आहे.

यासाठी मोठ्या अनुदानाची वाट पाहण्याची गरज नाही. आपल्या महाविद्यालयांतील उर्दू विभागांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिकस्ता वाचनाचा एक लहानसा अभ्यासक्रम द्यावा. मराठी विभागांनी मोडीचा द्यावा. गावातील एका चर्चचा, एका मशिदीचा आणि एका देवळाचा जमीनविषयक जुना कागद संबंधितांच्या परवानगीने वाचून, त्याचे लिप्यंतर व भाषांतर करून तो त्या मंडळीला, जमातीला वा पंचांना परत द्यावा. लाहोर येथे १९३० मध्ये स्थापन झालेली आणि आज हैदराबादेत असलेली हेन्री मार्टिन इन्स्टिट्यूट ही ख्रिस्ती संस्था इस्लामचा अभ्यास करीत आली आहे. त्यांच्या बाजूने एक दार पूर्वीच उघडलेले आहे. आपल्या बाजूचे दार उघडणे आता आपले काम आहे.

गिरजा पडतो, पुन्हा बांधला जातो. कलीसिया टिकते, पण तिची आठवण कागदाच्या आधारे टिकते, आणि तो कागद पुष्कळदा आपल्या भाषेत आहे. आपल्या भाषेत लिहिलेली दुसऱ्याची ठेव आपल्याकडे अमानत म्हणून आहे, आणि अमानतीत खयानत करू नये हे आपण वर्गात शिकवितो. ते संशोधनातही पाळले जावे, एवढीच या लेखामागील इच्छा आहे.